आयुक्तसाहेब, रिंक नको, रस्ता द्या

माननीय महापालिका आयुक्त यांस,



शहराचं नाव मुद्दामच लिहीत नाही. पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर, ठाणे, जिथे कुठे आपण त्या खुर्चीवर असाल तिथे हे पत्र आपल्यालाच आलं आहे असं समजावं. पेव्हर ब्लॉक सगळीकडे सारखेच असतात.

मी पन्नाशी ओलांडलेली, हिशेबतपासणीच्या नोकरीत उमेद घालवलेली बाई आहे, आणि इनलाइन स्केटिंग करते. एका ओळीत चार चाकं असलेले ते बूट आपण उन्हाळी शिबिराच्या फ्लेक्सवर पाहिले असतील, बहुधा एखाद्या आठ वर्षांच्या मुलाच्या पायात. तेच बूट, फक्त माप मोठं.

हे पत्र खड्ड्यांबद्दल नाही. खड्ड्यांबद्दल आपल्याला लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यांची अक्षरं माझ्यापेक्षा मोठी असतात. मला रस्त्याच्या त्या भागाबद्दल बोलायचं आहे, जो आपल्या दफ्तरी ‘सुस्थितीत’ म्हणून नोंदला जातो. व्यायामासाठी वापरतात त्या स्केटचं चाक साधारण ऐंशी मिलिमीटर व्यासाचं असतं, वीतभरसुद्धा नाही, आणि त्यात हवा नसते; भरीव पॉलियुरेथेन. मोटारीच्या टायरला जे कधी कळतही नाही, ते या चाकाला कळतं आणि तिथून थेट नडगीला. त्यामुळे माझा रस्त्यांचा अभ्यास, अभियंता नसूनही, बरा झाला आहे. ट्रिमिक्स काँक्रीट उत्तम, फक्त त्यावर घसरू नये म्हणून ओढलेल्या रेघा फार खोल नकोत. उड्डाणपुलावरचं मास्टिक लोण्याहून मऊ, पण तिथे आम्हाला जाता येत नाही आणि जाऊही नये. नव्या डांबरावर पहिले काही आठवडे मजा. मग वरचं डांबर झिजून खडी डोकं वर काढते. आणि पेव्हर ब्लॉक! नुकतीच टाकी लावून घेतलेल्या पाट्यावरून टाच घासत न्यावी तसं ते चालणं. प्रत्येक सांधा दातांत वाजतो. आपण लाल, पिवळे, करडे ब्लॉक आलटून पालटून नक्षीत बसवता, ती नक्षी मला डोळे मिटून ओळखता येते.

याला ऋतूही असतात. मे महिन्यात गुलमोहराच्या वाळक्या शेंगा आणि देशी बदामाची फळं. ती चाकाखाली आली की माणूस थांबत नाही, फक्त स्केट थांबतो. डंपरमधून सांडलेली मूठभर वाळू सगळ्यांत वाईट, कारण ती दिसत नाही. पावसाळ्यात तर विषयच संपला. ओल्या रस्त्यावर चाक धरत नाही, बेअरिंगमध्ये पाणी जाऊन गंज चढतो, आणि सावलीतल्या काँक्रीटवर शेवाळ येतं. चार महिने स्केट माळ्यावर.

हे खूळ कसं लागलं ते थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. भाचीच्या मुलीला संध्याकाळच्या क्लासला सोडायची जबाबदारी माझ्याकडे होती. तासभर बाकड्यावर बसून दुसऱ्यांच्या मुलांकडे पाहायचं आणि मोबाइल चाळायचा. एक दिवस सरांनीच विचारलं, “मावशी, नुसत्या बसून काय करता? माप काय तुमचं?” डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलं होतं आणि मी चालत नव्हते, कारण चालण्याचा मला मनापासून कंटाळा आहे. हा कंटाळा पुष्कळ लोकांना असतो. सकाळी बागेतल्या फेऱ्या मोजणाऱ्यांचे चेहरे पाहावेत. आपल्या आरोग्य विभागाने या गोष्टीची नोंद घ्यायला हवी. व्यायाम चांगला की वाईट हा प्रश्न कुणाचाच राहिलेला नाही; उद्या पुन्हा करावासा वाटेल असा तो आहे का, एवढाच खरा प्रश्न आहे.

स्केटिंग पुन्हा करावंसं का वाटतं, ते जरा सविस्तर सांगू द्या. चालताना आपण पाय मागे रेटतो. स्केट घालून पाय मागे रेटला तर चाक नुसतं मागे निसटतं आणि आपण जागच्या जागी. इथे जोर बाजूला लावायचा असतो. गुडघे वाकवायचे, इतके की खाली पाहिलं तर गुडघ्याआड बुटाचं टोक दिसेनासं व्हावं. सगळं वजन एका पायावर घ्यायचं, खरोखर सगळं, आणि दुसऱ्या पायाने बाहेरच्या बाजूला ढकलायचं. मग तो पाय उचलून अंगाखाली आणायचा, वजन त्याच्यावर सोपवायचं, आणि पहिल्याने ढकलायचं. शिकणाऱ्याची अडचण तोल नसते. वजन सोपवायला मन तयार होत नाही, ही असते. दोन्ही पायांवर थोडं थोडं ठेवून भागेल असं वाटत राहतं, आणि तसं भागत नाही. ज्या दिवशी ते पूर्ण सोपवलं जातं, त्या दिवशी एक नवीनच गोष्ट हाती लागते. एका ढकलण्याच्या आणि पुढच्या ढकलण्याच्या मध्ये एक क्षण असतो. त्यात काहीच करायचं नसतं. आपण फक्त जात असतो. चालण्यात हा क्षण नाही, धावण्यात तो हवेत असतो आणि त्याची किंमत गुडघा भरतो. इथे टाच जमिनीवर आपटतच नाही. पायात घर्षणाचा आवाज, कानाजवळ वारा, आणि आपण आयुष्यभर ज्या रस्त्यावरून भाजीच्या पिशव्या घेऊन गेलो त्याच रस्त्याचा उतार आपल्याला पहिल्यांदा कळतो.

शरीराचं म्हणाल तर मांडीची बाहेरची आणि आतली बाजू, कुल्हे, पाठीचा खालचा भाग, सरळ रेषेत चालणाऱ्या माणसाने वर्षानुवर्षं न वापरलेले हे सगळे स्नायू पहिल्याच आठवड्यात हजेरी लावतात. जिना उतरताना लावतात, असं म्हणणं जास्त खरं. बऱ्यापैकी वेगात सतत स्केटिंग केलं तर दम धावण्याइतका लागतो. आणि तोल सुधारतो. साठीकडे झुकलेल्या बाईला तोलाची गरज काय असते, हे घरात न्हाणीघर असलेल्या कुणालाही सांगायला नको.

आता पडण्याबद्दल. आपल्या विधी विभागाचा पहिला आक्षेप तोच असणार, म्हणून आधीच सांगते. पडायला होतं. या चाकांचा इतिहासच आपटण्यापासून सुरू होतो. अठराव्या शतकात लंडनमध्ये जॉन जोसेफ मर्लिन नावाचा एक बेल्जियन यंत्रकार होता. सोहोतल्या एका झगमगीत मेजवानीत तो स्वतः बनवलेले चाकांचे बूट घालून, व्हायोलिन वाजवत अवतरला आणि एका भल्यामोठ्या मौल्यवान आरशावर जाऊन आदळला, असा किस्सा सांगतात. आरसा गेला, व्हायोलिन गेलं, तो स्वतःही बराच जखमी झाला. वळावं कसं आणि थांबावं कसं, याचा विचार त्याने केलेला नव्हता. १८१९ मध्ये पेतीब्ले नावाच्या फ्रेंच माणसाने एका ओळीत चाकं असलेल्या स्केटचं पेटंट घेतलं, पण ते स्केटही धड वळत नव्हते. पुढे १८६३ मध्ये अमेरिकेत जेम्स प्लिम्प्टनने दोन पुढे, दोन मागे अशी चार चाकांची वळणारी जोडी काढली. मग एका ओळीतली चाकं शंभराहून अधिक वर्षं अडगळीत राहिली. १९८० च्या सुमारास मिनिआपोलिसमधल्या स्कॉट ओल्सन या आइस हॉकीच्या तरुण खेळाडूने तसा एक जुना स्केट पाहिला आणि उन्हाळ्यात बर्फाविना सराव करता येईल म्हणून तो सुधारून विकायला सुरुवात केली. रोलरब्लेड ही कंपनी तिथून निघाली. आजच्या स्केटच्या टाचेमागे रबराचा ब्रेक असतो, बहुधा उजव्या पायाला. पाय पुढे सरकवून टाच दाबली की माणूस थांबतो. मर्लिनला एवढंच हवं होतं.

पडण्यात मोडतं ते मुख्यतः मनगट, कारण पडताना हात आपोआप पुढे जातो. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १९९६ साली रिचर्ड शीबर आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला होता. इजा होऊन अमेरिकेतल्या रुग्णालयांत आलेल्या स्केटरांची त्यात तपासणी होती. मनगटाचे गार्ड न घालणाऱ्यांना मनगटाची इजा होण्याची शक्यता, घालणाऱ्यांच्या तुलनेत, दहापटीच्या आसपास निघाली. कोपराच्या पॅडचंही जवळपास तसंच. म्हणजे मोडण्याचा धोका बराचसा एका चामडी-प्लास्टिकच्या पट्ट्यावर अवलंबून आहे. आपण नियम करायचाच असेल तर हा करा: हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड नसतील तर प्रवेश नाही. आम्ही टाळ्या वाजवू. सध्या जो नियम मला बागेच्या फाटकावर भेटतो तो असा आहे: ‘ट्रॅकवर स्केटिंग करण्यास सक्त मनाई.’ त्याखाली कुत्रा आणि सायकल यांची चित्रं. आणि शिट्टी घेतलेला एक सज्जन वॉचमन, जो मला पाहून वाजवावी की न वाजवावी या पेचात पडतो, कारण मी त्याच्या आत्याच्या वयाची आहे.

खर्चाचाही प्रश्न आपल्या मनात आला असेल. सुरुवातीला स्केट आणि संरक्षक साहित्य घेतलं की पुढे फारसं काही लागत नाही. आठ चाकं, प्रत्येकात दोन, अशी सोळा बेअरिंग. ६०८ नंबरची, बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात नंबर सांगितला की मिळतात. चाकं आतल्या बाजूने जास्त झिजतात, म्हणून अधूनमधून ती उलटसुलट आणि डावी-उजवी बदलून लावायची. रविवारी दुपारी वर्तमानपत्र पसरून, पाना घेऊन हे काम करत बसण्यात जो आनंद आहे तो मला निवृत्तीनंतर दुसऱ्या कशात मिळालेला नाही. हे अवांतर झालं.

मुद्द्यावर येते. आपल्याकडे स्केटिंग आहे, भरपूर आहे, पण ते बालपणात कोंडलेलं आहे. पाचव्या-सहाव्या वर्षी क्लास, मग जिल्हा, मग राज्य, भिंतीवर पदकं, आणि नववीच्या उन्हाळ्यात सगळं बंद. ज्या मुलीला वाऱ्याच्या वेगाने वळणं घेता येतात ती दहावीनंतर पुन्हा कधीच चाकांवर उभी राहत नाही. तिला कंटाळा आला म्हणून नव्हे. जिथे नुसतं मजेखातर, घड्याळ न लावता, आईबरोबर किंवा मैत्रिणींबरोबर तासभर फिरता येईल अशी जागाच नाही म्हणून.

गुणवत्तेची उणीव नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये हांगझो आशियाई स्पर्धेत तीन हजार मीटर रिलेत भारताच्या महिलांना आणि पुरुषांना, दोघांनाही कांस्य मिळालं. पुरुषांच्या चमूत सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे ही आपल्या कानाला घरची वाटणारी नावं होती. त्याच चमूतला चेन्नईचा आनंदकुमार वेलकुमार २०२५ च्या सप्टेंबरमध्ये चीनमधल्या बेदाइहे इथे एक हजार मीटर स्प्रिंटचा जगज्जेता झाला. सुमारे पंचाऐंशी सेकंदांत एक किलोमीटर, म्हणजे ताशी बेचाळीस किलोमीटरच्या आसपास. आपल्या शहरातल्या रिक्षाला गर्दीच्या वेळी हे जमत नाही. स्पीड स्केटिंगमध्ये वरिष्ठ जागतिक सुवर्ण मिळवणारा तो पहिला भारतीय. त्या बातमीला आपल्याकडे किती जागा मिळाली ते मी सांगत नाही; क्रिकेटचा हंगाम होता.

याच आनंदकुमारने त्याआधी, २०२१ मध्ये, कनिष्ठ गटात रौप्य मिळवलं होतं ते कोलंबियातल्या इबागे या गावी. कोलंबियाचं नाव इथे सहज आलेलं नाही. चाकांवरच्या शर्यतींत हा देश जगातला दादा आहे. जागतिक स्पर्धांत त्यांनी वर्षानुवर्षं पदकांची लूट केली आहे. आणि त्याच देशाच्या राजधानीत, बोगोटात, दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास रस्ते मोटारींना बंद होतात. ‘सिक्लोव्हिया’ म्हणतात त्याला. १९७४ पासून. सायकली, धावणारे, बाबागाड्या ढकलणारे, कुत्री फिरवणारे, आणि स्केटर, आबालवृद्ध. कोलंबिया जिंकते ती सिक्लोव्हियामुळेच, असं म्हणायचं मला धाडस नाही. प्रशिक्षण, ट्रॅक, पैसा, पुष्कळ कारणं असतील. पण ज्या गावात पोरगं रविवारी काकाला, काकूला आणि पोस्टमनला चाकांवर पाहतं, त्या गावात चाकं हा शिबिराचा विषय राहत नाही, एवढं नक्की.

बोगोटाने त्यासाठी नवीन रस्ता बांधलेला नाही, हे हिशेबतपासनीस म्हणून मला फार आवडतं. होता तोच रस्ता. फक्त काही तास त्याचा मालक बदलतो. लोखंडी अडथळे, स्वयंसेवक, चौकाचौकांत कुणीतरी हात दाखवणारा. खर्चाची बाजू पाहिली तर एका कारंज्याच्या देखभालीत हे बसावं, आणि आपली कारंजी बहुधा बंदच असतात.

पॅरिसची तऱ्हा वेगळी. तिथे शुक्रवारी रात्री दहाला मोंपारनासजवळून एक मिरवणूक निघते, तीसेक किलोमीटरची, मध्यरात्र उलटेपर्यंत. शेकडो, चांगल्या हवेत हजारो माणसं स्केटवर, आणि सोबतीला स्केट घातलेले पोलीस. पाऊस असेल तर रद्द. रविवारी दुपारी बास्तीयकडून संथ गतीची दुसरी फेरी, ज्यांना शुक्रवारची भीती वाटते त्यांच्यासाठी. आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीला रस्ते बंद करायची आणि वाहतूक वळवायची कला पोलिसांना आणि पालिकेला जितकी अवगत आहे तितकी जगात क्वचितच कुणाला असेल. म्हणजे जमत नाही हे उत्तर आम्ही ऐकून घेणार नाही. मुंबईत वांद्रे-सांताक्रूझ परिसरात २०१४ मध्ये रविवारचे ‘इक्वल स्ट्रीट्स’ झालेच होते. सुरू होणं आपल्याला येतं. प्रश्न टिकण्याचा आहे, आणि टिकतं ते अंदाजपत्रकात स्वतःची ओळ असलेलं.

म्हणून माझी मागणी ऐका, ती उलटी वाटेल. कृपा करून रिंक बांधू नका. रिंक म्हटलं की भूमिपूजन, कोनशिला, छत, ठेकेदार, आणि मग कुलूप. कुलपाची किल्ली एका क्लासकडे, क्लासची फी, आणि मोठ्या माणसांना ‘बॅचमध्ये जागा नाही’. दोन-चार वर्षांत तिथे लग्नाचे मंडप. ज्यांना शर्यतीचा सराव करायचा आहे त्यांना बाक दिलेला दोनशे मीटरचा ट्रॅक लागतो, तो जरूर द्यावा, पण तो क्रीडा खात्याचा विषय. मी बोलते आहे ते बाकीच्या सगळ्यांबद्दल.

आम्हाला हवा आहे एक किलोमीटर-दीड किलोमीटरचा, शक्यतो सपाट, एरवी वाहतुकीचाच असलेला रस्ता, रविवारी सकाळी सहा ते नऊ. आदल्या रात्री एकदा झाडून घेतलेला, वाळू आणि शेंगांसकट. त्यावर गतिरोधक नसावेत. असले तर दोन्ही बाजूंना हातभर सपाट जागा सोडलेली असावी. रम्बलर तर नकोच नको. आणि दुसरी गोष्ट अशी, की नदीकाठी, तळ्याकाठी, मेट्रोच्या खांबांखाली आपण जे नवीन पदपथ करणार आहात त्यांतल्या एखाद्याच्या निविदेत पेव्हरऐवजी ट्रिमिक्स लिहा. स्केटरांसाठी म्हणून लिहू नका. मंजूर व्हायचं नाही. व्हीलचेअरसाठी, बाबागाडीसाठी, वॉकर घेऊन चालणाऱ्या आजोबांसाठी लिहा. ते खोटंही नाही. माझ्या चाकाला जो सांधा लागतो तोच त्यांच्या चाकाला लागतो, फक्त त्यांना पर्याय नसतो.

चालणाऱ्यांची बाजूही मला मान्य आहे. स्केटर सरळ जात नाही, तो डावी-उजवीकडे झुलत जातो, आणि नीट झुलायला त्याला दीड-दोन मीटर रुंदी लागते. बागेतल्या अरुंद ट्रॅकवर, मागून आवाज न करता आलेल्या मला पाहून एखाद्या आजींच्या छातीत धस्स झालं तर चूक आजींची नाही. म्हणूनच वेगळी वेळ किंवा वेगळी जागा मागते आहे, त्यांची जागा नव्हे. माझ्याबरोबर हल्ली आणखी काही बायका येतात. एक शिक्षिका, एक पोळीभाजी केंद्र चालवणारी, एक नुकतीच आजी झालेली. आम्ही सध्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारातल्या काँक्रीटवर जातो, कारण तिथल्या राखणदाराला आमची मौज वाटते. त्याची बदली झाली की आमचं स्केटिंग संपलं. शहरातला एक व्यायाम एका राखणदाराच्या मर्जीवर चालावा, हे प्रशासन म्हणून आपल्यालाही पटणार नाही.

पावसाळ्यात रस्त्याची कामं बंद असतात आणि आम्हीही बंद असतो, त्यामुळे आपल्यात तंटा नाही. पण डांबरीकरण आणि पदपथांची कामं पाऊस सरल्यावर निघतात, आणि त्यांची मोजमापं आणि दर त्याआधीच ठरलेले असतात. एकदा ‘पेव्हर ब्लॉक, ऐंशी मिलिमीटर’ असं कागदावर चढलं की ते उतरवायला पुढचं वर्ष लागतं, हे मी नोकरीत पुष्कळदा पाहिलं आहे. म्हणून हे पत्र ऑगस्टमध्येच धाडते आहे. उत्तर पाठवण्याची तसदी घेऊ नये. मी मसुदा निविदा वाचीन.

आपली,
घरपट्टी वेळेवर भरणारी एक स्केटर